लिंबायतमधला विलायती घागरा

प्लेग येऊन गेल्याला दोनेक वर्षं झाली होती. सुरत झाडूनपुसून अशी चकचकीत झाली होती की गावाकडचे पाहुणे स्टेशनाबाहेर यायचे आणि आपण चुकीच्या ठिकाणी उतरलो की काय म्हणून परत जाऊन पाटी वाचायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. बारावी होऊन घरी बसले होते. घरी बसले होते असं माय सगळ्यांना सांगायची, प्रत्यक्षात मी रोज लिंबायतहून नानपुऱ्याला जाऊन एका लेडीज टेलरच्या दुकानात दिवसाला आठ-दहा ब्लाउजांना काज आणि हूक करत होते.

त्या दुकानात एका दुपारी एक पारशी आंटी आल्या. उंच, सडपातळ, सत्तरी ओलांडलेल्या. मुलींच्या शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, आणि आवाजावरून तरी अजून रिटायर न झालेल्या. त्यांनी मलमलच्या फडक्यातून एक पोलकं काढून काउंटरवर ठेवलं. आजीचं होतं, शंभर वर्षांपूर्वीचं. त्यांच्या मोहल्ल्याच्या हॉलमध्ये दोन महिन्यांनी जुन्या जमान्याचे पोशाख घालून चहाला जमायचं ठरलं होतं. इंग्रजांच्या राणीच्या काळातले कपडे, राणीच्या काळातली केक-बिस्किटं आणि सगळ्यांत सरस पोशाखाला बक्षीस. आंटींना त्या दिवशी हे पोलकं घालायचं होतं आणि त्याची एक बाही खांद्यापाशी उसवली होती.

आमच्या टेलरमास्तरांनी पोलकं पाहिलं आणि दोन्ही हात मागे घेतले. याला सुई लावली तर सुईच्या जागीच फाटेल, म्हणाले. आंटी फडकं परत गुंडाळायला लागल्या तेव्हा मी म्हटलं, मी करून बघते. का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी ती बाही पाहिली होती, एवढंच. खांद्यावर भोपळ्याएवढी फुगलेली आणि कोपरापासून मनगटापर्यंत कातडीसारखी घट्ट. आमच्याकडे फुग्याची बाही म्हणजे वरती दोन चुण्या. ही बाही पाहून मला आपण आजवर बाही म्हणून काय शिवत होतो असा प्रश्न पडला.

आंटींनी अट घातली की पोलकं त्यांच्या घराबाहेर राहणार नाही. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात साबणाने धुवायला लावले, नखं तपासली आणि मग पोलकं माझ्यासमोर उलटं ठेवलं. आमचा ब्लाउज सहा-आठ तुकड्यांत उरकतो. याचे अस्तरासकट चोवीस तुकडे मोजले. पाठीच्या शिवणींमधून बारीक काड्या घातलेल्या, म्हणजे बाईने वाकू नये याची सोय. बाहीच्या आत कडक जाळीची छोटी उशी. आणि त्या उशीच्या मागे, शिवणीच्या आतल्या पट्टीवर, शाईने लिहिलेले गुजराती आकडे. बाहीची लांबी आणि दंडाचा घेर.

मी आंटींना ते दाखवलं. त्यांनी भिंग आणलं आणि आकडे दोनदा वाचले. त्यांचा इतकी वर्षं समज होता की पोलकं विलायतेहून बोटीने आलं. ते सुरतेतल्याच कुठल्या तरी दर्ज्याने शिवलं होतं. बहुतेक मेमसाहेबाचं चित्र पुढ्यात ठेवून, कापड पुन्हा पुन्हा बेतून, मनातल्या मनात शिव्या देत.

तिथून माझं वेड सुरू झालं. त्याला चित्रावरून जमलं तर मला का जमू नये? आंटींकडे जुन्या काळच्या इंग्रज बायकांच्या पोशाखांचं एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं. बाही दुरुस्त होईपर्यंत मी ते तीनदा पाहिलं, आणि बाही मी मुद्दामच हळूहळू दुरुस्त केली. एका पानावर एक बाई होती. कमरेपासून खाली मंदिराच्या घंटेसारखी पसरलेली. तिच्या घागऱ्याच्या आत काय असेल, असं मी विचारलं. आंटी म्हणाल्या, लोखंडाचा पिंजरा. मला वाटलं माझी थट्टा करताहेत.

त्या थट्टा करत नव्हत्या. मग त्यांनी मला पुस्तकात नसलेलंही पुष्कळ सांगितलं. त्या पिंजऱ्यावरच्या कापडाला चुलीचा जाळ लागून किती बायका भाजल्या ते सांगितलं. कमर आवळून आवळून त्यांना चक्कर यायची ते सांगितलं. हे इंग्रज आधी सुरतेचं कापड न्यायला बोटी घेऊन आले आणि मग त्यांच्या वाफेच्या गिरण्यांचं कापड आपल्याच गळ्यात बांधून गेले, हेही सांगितलं. एकदा मला इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात घेऊन गेल्या. घुमटाच्या कबरी पाहून मी म्हटलं, किती छान राणीच्या काळातलं काम. त्यांनी मला तिथेच उभं करून झापलं. या कबरी राणीच्या दोनशे वर्षं आधीच्या आहेत, आणि जुनं ते सगळं एकाच पोत्यात भरायचं नसतं. दोन चिमण्या आणि एक माळी एवढ्यांसमोर झालेला तो अपमान मला अजून आठवतो.

तर मी तो घागरा शिवायचं ठरवलं. कापड पर्वत पाटियाजवळ किलोवर मिळायचं. मरून रंगाचं पॉलिस्टर, त्यावर सोनेरी पानं. छपाई करताना पानं जागची सरकली होती म्हणून ते साडीच्या लायकीचं राहिलं नव्हतं. पण घागऱ्याला इतक्या चुण्या पडणार होत्या की पानं कुठून कुठे सरकलीत हे कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

प्रश्न पिंजऱ्याचा होता, आणि तो माझ्याच बापाने सोडवला.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते पावरलूमच्या कारखान्यात मिस्त्री होते. बंद पडलेला लूम ते आधी कान लावून ऐकायचे आणि मगच पाना हातात घ्यायचे. मी आधी वेताच्या काड्यांचा पिंजरा करून पाहिला, तो कडाकडा मोडला. दादा खाटेवरून बघत होते. त्यांनी काय करतेस असं विचारलं नाही, घेर किती पाहिजे असं विचारलं. दुसऱ्या दिवशी कापडाच्या गाठींना बांधून येतात त्या लोखंडी पट्ट्या त्यांनी भंगारातून आणल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या, वाकवून सात कडी केली आणि जाड नाडीच्या पट्ट्यांवर रिबिटांनी ठोकली. वरचं अंग मी आंटींच्या पोलक्यासारखं, फुगीर बाह्यांचं शिवत होते, त्याला काड्या हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी मोडीत निघालेल्या लूमच्या फणीतल्या चपट्या तारा काढून दिल्या. पोलक्यातल्या काड्यांपेक्षा त्या सरस निघाल्या. शिवून घातल्यावर मला दोन दिवस खाली पडलेली सुई उचलता आली नाही.

पिंजरा घराच्या मधोमध उभा राहिला तेव्हा दोन खोल्यांपैकी एक संपली. माय पिठाने भरलेल्या हातांनीच दारात आली.

"हाई काय शे?" तिने आपल्या खानदेशी बोलीत विचारलं. तिने वाकून पिंजऱ्याच्या आत पाहिलं. "मंग कोंबड्या कोठे शेतस?"

मी तिला सगळं समजावून सांगितलं. राणी, चित्रांचं पुस्तक, शंभर वर्षांपूर्वीचा दर्जी. तिने ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "इंग्रज ग्यात, आनि तू त्यास्ना घागरा शिवी ऱ्हायनी." मग ती परत भाकरीकडे गेली. त्यानंतर दोन आठवडे ती पिंजऱ्याला वळसा घालून ये-जा करत होती आणि दर वळशाला एक उसासा टाकत होती.

दादांना यात इतका रस का, हे मला त्या दिवसांत हळूहळू कळलं. त्यांचे वडील खानदेशातल्या एका कापड गिरणीत बॉयलरवर होते. दादा लहानपणी डबा घेऊन जायचे आणि इंजिनाचं मोठं चाक फिरताना बघत उभे राहायचे. त्या चाकावर विलायतेतल्या कुठल्या तरी गावाचं नाव ओतीव अक्षरांत होतं. ते चाक फिरताना सगळ्या जमिनीला श्वास असल्यासारखं वाटायचं, असं दादा म्हणायचे. पुढे गिरणीत वीज आली, इंजिन भंगारात गेलं. भंगारवाल्याच्या ढिगातून आजोबांनी बॉयलरचं मीटर तेवढं मागून घेतलं. पितळी, ताटलीएवढं, काचेआड एक काटा आणि शेवटी लाल खूण. ते मीटर आमच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली असायचं. माझं वेड घागऱ्याचं होतं आणि दादांचं वाफेचं. एकाच राणीच्या काळातल्या या दोन गोष्टी आमच्या लिंबायतच्या खोलीत एकमेकींना भेटल्या.

त्यांनी ते मीटर ट्रंकेतून काढलं आणि माझ्या कमरेच्या पट्ट्यावर बसवायचं ठरवलं. मी नको म्हणून बघितलं. पण दादांचं डोकं एकदा चालू झालं की ते थांबवणारा खटका कुठे आहे हे मायलाही ठाऊक नव्हतं. मीटरचं आतलं यंत्र कधीच मेलं होतं. एका डॉक्टरकडून त्यांनी निकामी झालेलं बीपी मोजायचं यंत्र मिळवलं, त्याचा आतला भाग मीटरमध्ये बसवला आणि त्याचा रबरी फुगा नळीला लावून माझ्या काखेत दिला. दंड दाबला की काटा चढायचा, सोडला की उतरायचा. टोपी मी पुठ्ठ्याची केली होती. तिच्यावर पिसं लावणार होते. सकाळी उठून पाहते तर पिसांच्या जागी लूमची तीन दातेरी चाकं, पॉलिश करून, एकमेकांत दात अडकवून बसवलेली. एक फिरवलं की तिन्ही फिरत होती.

माझी भाची आता फोनवर मला फोटो दाखवते. मोठमोठ्या शहरांतली मुलं-मुली राणीच्या काळातले कोट आणि झगे घालतात, त्यावर चाकं, मीटर, पितळी नळ्या, डोळ्यांवर वेल्डरसारखे चष्मे लावतात आणि एकत्र जमून चहा पितात. आपल्या देशातही ते सुरू झालंय म्हणे. "आत्या, याला स्टीमपंक म्हणतात," असं ती मला सांगते, म्हणजे मी बिचारी काय जाणणार. मी मान डोलावते. तेव्हा आम्हाला त्याचं नाव माहीत नव्हतं. माय त्याला खूळ म्हणायची आणि आमचं भागत होतं.

चहाच्या आदल्या रविवारी मी झगा अंगावर चढवून आंटींना दाखवायला न्यावा असं ठरलं, पण तो अंगावर चढवून जाता येईना, म्हणून दादांनी पिंजरा डोक्यावर घेतला आणि मी बाकीचं बोचक्यात. आंटींच्या दिवाणखान्यात मी सगळं घातलं. आंटी माझ्याभोवती दोनदा फिरल्या, परीक्षेच्या वर्गात फिरावं तशा. मग त्यांनी चुका सांगायला सुरुवात केली. पिंजरा गेला त्यानंतर तीस वर्षांनी ही फुगीर बाही आली, म्हणजे या दोघांची कधी भेटच झाली नाही. हा मरून रंग असा चकाकणारा नव्हता. पॉलिस्टर तर नव्हतंच. शेवटी त्या टोपीपाशी थांबल्या आणि दादांना गुजरातीत म्हणाल्या, की त्या काळातल्या कुठल्याही बाईने टोपीवर मशीनची चाकं लावलेली नाहीत.

दादा सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते, हातात सरबताचा पेला. त्यांनी यावर खरंच विचार केला. मग म्हणाले, "नव्हती लावत? मग त्यांचं चुकलंच."

मला वाटलं आता आम्हाला दार दाखवतात. आंटींनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, मीटर चालतं का. मी दंड दाबला. काटा लाल खुणेपर्यंत गेला. त्यांनी स्वतः फुगा हातात घेऊन चार वेळा दाबून पाहिला आणि मग शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "दीकरी, इतिहास म्हणून तुला नापास करते. पण चहाला तू यायचं आहेस."

चहाच्या दिवशी मी घरूनच तयार होऊन निघाले, कारण आंटींना स्वतःच्या तयारीला आरसा हवा होता. रिक्षात मी शिरलेच नाही. पहिल्या रिक्षावाल्याने प्रयत्न केला, दुसऱ्याने माझ्याकडे बघून स्टँडवरूनच रिक्षा वळवली. शेवटी दादांनी कापडाच्या गाठी नेणारा ओळखीचा टेम्पो थांबवला. दोन गाठींच्या मध्ये मी उभी, एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्याने टोपी. दादा इस्त्रीच्या शर्टात गाठीवर बसलेले. लिंबायतपासून रिंग रोडपर्यंत लोक बघत होते. एका सिग्नलला शेजारच्या स्कूटरवरच्या माणसाने दादांना विचारलं, कुठल्या देवीची मिरवणूक. दादा म्हणाले, वाफेच्या.

हॉलचं दार दीड माणसाच्या रुंदीचं होतं. मला पिंजरा तिरका करून आत जावं लागलं, म्हणजे आधी घागऱ्याची एक बाजू आत गेली, मग मी आणि मग उरलेला घागरा. आत सगळे खरेखुरे जुने कपडे होते, खऱ्या कपाटांतून खऱ्या डांबरगोळ्यांच्या वासासकट निघालेले. आंटी आजीच्या पोलक्यात बसल्या होत्या, वर भरतकामाची साडी. दोन्ही बाह्या सारख्या फुगलेल्या. कुठली उसवली होती ते मलाही क्षणभर ओळखू आलं नाही आणि माझी छाती भरून आली. म्हणजे काड्यांनी जेवढी भरू दिली तेवढी.

त्या आनंदात मी खुर्चीवर बसले. पिंजऱ्यात बसायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. मागची कडी खुर्चीत दाबली गेली आणि पुढचा सगळा घेर छत्रीसारखा उलटून थेट माझ्या तोंडासमोर आला. आतली सलवार साऱ्या मोहल्ल्याने पाहिली. सलवार घालण्याची अक्कल मायची, हे इथे नोंदवून ठेवते. मला घागऱ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, फक्त शांतता ऐकू येत होती. मग आंटींचा आवाज आला, अगदी सावकाश, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. त्या काळी प्रत्येक मुलगी पहिल्यांदा अशीच बसायची, ही एकमेव गोष्ट आज इथे शंभर टक्के बरोबर झाली आहे. त्यांनी मला उठवलं, मागची कडी दोन बोटांनी उचलून मग बसायचं असतं ते दाखवलं आणि माझ्याकडून सर्वांसमोर तीनदा करून घेतलं.

नंतर परीक्षक आले. जाड मिशांचे एक वयस्कर गृहस्थ, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. ते मीटरपाशी वाकले आणि हे काय म्हणून विचारलं. मला इंग्रजांचा इतिहास, वाफ, आजोबांची गिरणी, काय काय सांगायचं होतं. त्याऐवजी मी घाबरून दंडच दाबला. काटा थरथरत लाल खुणेवर गेला.

"चहाला उशीर झाला की एवढं चढतं," मी म्हटलं.

ते आधी घड्याळाकडे बघून, मग माझ्याकडे बघून असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्यानंतर हॉलमधल्या प्रत्येकाला काटा चढवून बघायचा होता. दादा दारापाशी उभे होते, त्यांना कुणीतरी आत ओढलं आणि मीटर कुठल्या गिरणीचं असं विचारलं. तासाभराने पाहिलं तर दादा चार म्हाताऱ्यांच्या मध्ये बसून हातवारे करून ते मोठं चाक कसं फिरायचं ते सांगत होते आणि त्यांच्यापुढे केकची तिसरी बशी होती. पहिलं बक्षीस आजोबांचा अस्सल कोट घालून आलेल्या एका गृहस्थांना मिळालं. ते तेव्हा झोपले होते. मला काहीच मिळालं नाही, कारण आंटींनीच परीक्षकांना जाऊन सांगितलं होतं की बाही आणि पिंजरा वेगवेगळ्या काळातले आहेत.

पण त्या हॉलमध्ये गुजराती नाटकं बसवणाऱ्या एक बाई होत्या. महिन्याभराने त्यांनी मला सहा झगे शिवायला सांगितले, पुढे आणखी. आज वीसेक वर्षं मी नाटकांचे आणि शाळांच्या गॅदरिंगचे पोशाख शिवते आहे, आणि पहिली काही वर्षं प्रत्येक जुना पोशाख बेतण्याआधी आंटींना दाखवायला न्यायचे. त्या चुका सांगायच्या. कुठल्या दुरुस्त करायच्या ते मी ठरवायचे. या कराराने आम्हा दोघींचं त्यांच्या अखेरपर्यंत छान जमलं.

राहिली माय. ती चहाला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन घरी आले तर ती झग्याच्या चुण्यांवरून हात फिरवत बसली होती. मला बघून हात काढला. मग म्हणाली, हे आत जायचं कुठून असतं. मी पिंजरा जमिनीवर ठेवला, तिला मधोमध उभं केलं आणि वर ओढून नाडी बांधली. नऊवारीवरून. मग घागरा, मग पट्टा. वरचं अंग तिला बसेना, तर ती म्हणाली राहू दे, चोळी बरी आहे. तेवढ्यात दादा पहिली पाळी संपवून घरी आले आणि दारातच थांबले.

"कशी दिखस मी?" तिने विचारलं.

दादांनी पुढे होऊन तिच्या काखेत फुगा नीट बसवला.

मग तिला आठवलं की ज्वारी दळायची राहिली आहे. मी म्हटलं, मी जाते. ती ऐकेना. तिने डबा डोक्यावर घेतला, घागरा तिरका करून दारातून निघाली, मी कालच शिकले होते ते तिने न शिकवता केलं. गल्लीत बायका उंबऱ्यांवर आल्या. समोरून येणारा सायकलवाला उतरून भिंतीला चिकटला. माय कुणाकडेही न बघता, मान ताठ ठेवून, लोखंडाची सात कडी हेलकावत पिठाच्या गिरणीपर्यंत चालत गेली. गिरणीत तिच्यापुढे सहा जणी होत्या. ती आत शिरल्यावर त्या सहा जणींना बाहेर यावं लागलं, म्हणून गिरणीवाल्याने तिचा डबा आधी घेतला.